एकट्याचा अल्बम

आवाज मोठा यावा म्हणून मुलीने फोन ओट्यावरच्या स्टीलच्या पातेल्यात उभा केला आणि म्हणाली, “बाबा, हाच ना तुझा तो अल्बम?”

हाच. आमच्या लाडक्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या कीबोर्डवाल्याने एकट्याने केलेला. बँडमध्ये त्याची बोटं सुसाट धावायची. इथे तो दुपारी घरात कोणी नसताना वाजवत बसल्यासारखा वाजवतो. बँडची गाणी आम्ही अख्ख्या हॉस्टेलला ऐकवायचो, हा अल्बम मात्र मी आणि माझा रूममेट शिरीष, दोघंच ऐकायचो.

रेकॉर्ड त्याच्या मामाची होती. जोडायला वायर नव्हती, म्हणून स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आम्ही ती कॅसेटवर उतरवली, अगदी श्वास रोखून. तिसऱ्या गाण्यात ड्रम नाहीत. शिरीषला राहवलं नाही, त्याने बोटांनी टेबलावर ठेका धरला. मी डोळे वटारले, पण तोवर तो ठेका टेपवर गेला होता. पुढे कॅसेट झिजून तुटेपर्यंत मी ते गाणं तसंच ऐकलं.

आज ते गाणं लागलं. स्वच्छ, जराही खरखर नाही.

“यात काहीतरी कमी आहे,” मी म्हणालो.

“पूर्ण आहे रे बाबा. मूळ अल्बमच आहे हा.”

तिचं बरोबर होतं. त्या माणसाने ते एकट्यानेच वाजवलं होतं. मी मात्र ते तसं कधी ऐकलंच नव्हतं. शिरीषला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी ओट्यावर बोटं टेकवली. ठेका कुठून धरायचा, ते त्यांना अजून ठाऊक होतं.