बारावा भोपळा

दुपारचं जेवण झालंय. माळ्यावर जरा वारं येतं म्हणून तिथंच पोतं टाकून आडवी होते. खाली दुकानात अकरा तंबोऱ्यांचे भोपळे कापून ठेवलेत, बारावा माझ्या उशाशी. चहा झाला की त्यालाही करवत लावायची. गायनशाळेला बारा तंबोरे हवेत, तेही लगेच, आणि हे भोपळे सगळे यंदाचे, बाजारातून उचललेले. पाच-सात वर्षं वाळलेला भोपळाच गातो, कच्चा वर्षभरात तडकतो, हे मिरजेत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण नड आहे ना! डोळे जड होतात, आणि शेजारी कुणीतरी भोपळ्यावर टकटक करतंय.

मामा. माझे सासरे. जाऊन सहा वर्षं झाली, अंगात बंडी मात्र तीच.

"कच्चा आहे गं मंदा."

"माहितंय मला." मी फणकारते. "तुम्ही वाळत टांगलेले सगळे संपले. आता काय हवेचे तंबोरे करू?"

"नवे नाही टांगलेस?"

"दरसाल गाडीभर भोपळे आणायचे आणि नुसते बघत बसायचं? घर कुणी चालवायचं?"

ते उठून जिना उतरतात, मी मागोमाग. शेवटच्या पायरीखाली काळी माती लागते. भीमेकाठचं गोरखदादांचं शेत. आमच्यासाठी भोपळे पिकवायचे ते. वेलांच्या जागी ऊस उभा आहे आणि दादा बांधावर बसलेत.

"तीन वर्षं तुम्ही फिरकलाच नाहीत, वहिनी," दादा म्हणतात. "बी कुणासाठी राखायचं?"

मला रडू फुटतं. मामांसारख्या गेलेल्या माणसासमोर रडायची लाजही वाटत नाही.

ऊस बाजूला सारावा तर समोर परत माळा. आढ्याला रिकामे हूक, रांगच्या रांग. मामा कोळशाचा तुकडा माझ्या हातात ठेवतात.

"लिही. कोणत्या साली कापायचा ते."

मी बोटांवर वर्षं मोजते. "मामा, तोवर मी असेन का?"

"मी होतो का?" ते म्हणतात. "शेवटचे भोपळे टांगले तेव्हा खोकल्यानं उभं राहवत नव्हतं मला. त्यांचे तंबोरे तू विकलेस."

रागावले असते तरी बरं वाटलं असतं. ते फक्त भोपळा माझ्याकडं सरकवतात.

फोन वाजतो आणि मी दचकून उठते. बोटं काळी झालीत. भोपळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, २०३२.

शाळेचे सर बोलतायत. "बाई, शनिवारी टेम्पो पाठवू ना?"

"नका पाठवू." माझाच आवाज मला ओळखू येत नाही. "भोपळे कच्चे आहेत, सर. मी फसवणार होते तुम्हाला."

"अहो, मग कधी देताय?"

भोपळा मांडीवर ओढून घेते आणि वाचून दाखवते. "दोन हजार बत्तीस."

सर मोठ्यानं हसतात. मी हसत नाही, तेव्हा ते फोन ठेवतात.