छातीवर दोनदा

"छातीवर दोनदा वाजलं, की समोर काहीही चाललेलं असो, मी मध्ये शिरणार आणि पोशाखाचं डोकं काढणार."

असं तिने दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. परग्रहावरून आलेल्या पहारेकऱ्याची ती मालिका तेव्हा नुकतीच सुरू होत होती. स्टुडिओत तिचं काम कपड्यांचं. शिवायचं, उसवायचं, नटांच्या अंगावर चढवायचं, उतरवायचं. पहारेकऱ्याचा पोशाखही तिच्याच हातचा: जुन्या ट्यूबचं रबर, गाडीच्या सीटमधला फोम, डोळ्यांच्या जागी स्कूटरचे इंडिकेटर. पाठीला लांब चेन, मानेमागे डोकं अडकवणारे दोन हूक, आणि दोन्ही फक्त बाहेरून उघडणारे. आतल्या माणसाचा आवाज बाहेर ऐकू येत नसे, म्हणून ही खूण ठरवलेली.

आतला माणूस तिचा धाकटा भाऊ होता. त्याला घेतलं ते निव्वळ उंचीसाठी. सेटवर त्याला लांब्या म्हणत आणि तिला चेनताई. त्याआधी लांब्या कुठल्याच नोकरीत टिकला नव्हता. दारातून वाकून आत जायचं आणि मान खाली घालून बाहेर यायचं, एवढंच आपल्याला येतं, असं तो स्वतःच सांगायचा. पण पोशाखात शिरला की वेगळाच माणूस व्हायचा. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर तो खांद्यांनी बोलायला शिकला. ती हूक लावायची तेव्हा तो आतून काहीतरी टोमणा मारायचा आणि शेवटचा शब्द रबरात विरून जायचा.

पहिल्या पर्वाचा शेवटचा प्रसंग एका दुपारी चालला होता. यानाचं दार हळूहळू बंद होतंय, दाराच्या आत पहारेकरी, बाहेर नायिका. नायिकेला सकाळपासून रडू येत नव्हतं. दिवे तापलेले, पोशाख तापलेला. अखेर तिच्या डोळ्यांत खरं पाणी आलं आणि त्याच वेळी पहारेकऱ्याने छातीवर दोनदा हात मारला.

चेनताई उठली. दिग्दर्शकाने मान न वळवता पंजा उभा केला. ती थांबली.

पहारेकऱ्याने पुन्हा दोनदा हात मारला. मग हात सावकाश उघडला, तळवा पुढे आला, काही मागत असल्यासारखा. दार बंद होता होता तो गुडघ्यांवर आला. त्यानंतर "कट" म्हटलं गेलं. हूक काढताना तिची बोटं घसरत होती. आत भावाचा चेहरा निळसर झाला होता.

तो वाचला. पण बंद जागेची धास्ती बसली: लिफ्ट सुटली, संडासाची कडी सुटली, झोपताना घराचं दार उघडं ठेवायची वेळ आली. पोशाखात दुसरा माणूस शिरला आणि लांब्या बहिणीच्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच.

आणि तो प्रसंग गाजला. छातीवर दोनदा हात आणि उघडा तळवा ही पहारेकऱ्याच्या ग्रहावरची निरोपाची रीत आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं. दोन ठोके म्हणजे तिथले दोन सूर्य, उघडा तळवा म्हणजे परत येण्याचं वचन. लेखकाने यातलं काही लिहिलं नव्हतं. पुढच्या पर्वात मात्र लिहिलं. माणसं एकमेकांना तशी खूण करू लागली. लग्नात करू लागली, मयतालाही करू लागली. भाजीवाल्याला कळलं की ही बाई त्या मालिकेत होती, तेव्हा त्यानेही वजनकाटा सोडून तिला ती खूण केली. तिचा हात कोथिंबिरीवरून उठून हवेतच राहिला, बोटं हूक धरल्यासारखी वळलेली.

हे कुणाला तरी एकदा सांगून टाकावं, असं तिला वर्षानुवर्षं वाटत आलं. ते होऊ दिलं नाही भावाने. तो फोनवर लोकांनी टाकलेले तसले व्हिडिओ बघत बसायचा आणि गालात हसायचा. एकदा ती चिडून म्हणाली, तू मरत होतास आणि लोक त्याला नमस्कार करतायत.

"करू दे की," तो म्हणाला. "ताई, आयुष्यात माझं एवढं एकच गाजलं. तेही उसवून टाकणार आहेस?"

तिने शब्द दिला.

मग एक दातांचा डॉक्टर आला. मालिकेतल्या लपलेल्या खुणा आणि पडद्यामागच्या गोष्टी गोळा करायचा त्याला नाद होता. दिवसभर लोकांची तोंडं उघडायची आणि सुटीच्या दिवशी जुन्या कामगारांची. त्याने चाहत्यांचा मेळावा भरवला होता आणि चेनताईला मंचावर बसवायचंच, असा हट्ट धरला. लांब्यानेच तिला जा म्हटलं. तोही आला. पण ओळख दाखवायची नाही, या अटीवर, आणि मागच्या दाराशी खुर्ची टाकून. ते दार उघडंच ठेवायला लावलं होतं.

डॉक्टर एकेक विचारत गेला. पहारेकऱ्याच्या श्वासाचा आवाज? सायकलचा पंप, ती म्हणाली. यानाच्या दारावरचा आकडा, ज्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली? सुताराच्या घराचा नंबर. सभागृह हसत होतं. तिलाही जरा मोकळं वाटू लागलं होतं. मग डॉक्टरने आवाज खाली आणला आणि विचारलं, ती खूण कुणाला सुचली?

तिने मागच्या दाराकडे पाहिलं.

"त्याचं त्यालाच सुचलं," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. शब्द पाळला गेला होता आणि गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण डॉक्टरने एक गंमत राखून ठेवली होती. दिवे मंद झाले आणि मंचावर पहारेकरी आला. कुणा चाहत्याने हुबेहूब केलेला, इंडिकेटरच्या डोळ्यांचा, पाठीला लांब चेन असलेला. तो मधोमध उभा राहिला. त्याने छातीवर दोनदा हात मारला. सगळं सभागृह उभं राहिलं आणि सगळ्यांनी छातीवर दोनदा हात मारला.

ती उठली. या वेळी पंजा उभा करणारं कुणी नव्हतं. ती त्याच्या मागे गेली आणि तिची बोटं मानेवर चढली. हूक तिथेच होते. चाहत्यांनी तेही सोडले नव्हते. तिने डोकं उपसून काढलं.

आत एक कॉलेजातली मुलगी होती, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद आणि धडधाकट.

"काय झालं मावशी?" ती म्हणाली. "मी बरी आहे."

कुणी हसलं नाही. लोकांचे हात छातीवरच राहिले, तळवे उघडायचे राहून गेले. चेहऱ्यावरून दुखरा दात ओळखणारा तो डॉक्टर चेनताईकडे पाहत होता आणि हळूहळू माइक खाली घेत होता.

तिने ते डोकं आपल्या खुर्चीवर नीट ठेवलं, पर्स उचलली आणि पायऱ्या उतरली. खुर्च्यांमधून जाताना माणसं बाजूला सरत होती. मागच्या दाराशी भाऊ बसला होता. त्याचं तोंड किंचित उघडं होतं, नजर मंचावरच्या त्या लाल चेहऱ्यावर होती. ती जवळ आली तेव्हा त्याने तिच्याकडे न पाहता आपले लांब पाय आत ओढून घेतले. ती उघड्या दारातून बाहेर निघून गेली.