कट म्हणायची घाई

आणखी एक टेक वाया गेला. डायरेक्टरने हेडफोन काढून गळ्यात टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मुलगी मीच घरी बनवून आणली होती.

नोएडातल्या स्टुडिओत बॅगांच्या एका कंपनीची जाहिरात चालली होती. गोष्ट एवढीशी. बाप सूटकेस घेऊन परगावी निघतो आणि मुलगी दारात उभी राहून रडते. पण सात वर्षांची ईश्वरी काही केल्या रडेना. बापाने बॅग उचलली की ही छान हसून हात हलवायची. ऑडिशनला तुटक्या खेळण्यावरून हिने असा गळा काढला होता की शेजारच्या ऑफिसातून लोक बघायला आले होते.

मी चाइल्ड कोऑर्डिनेटर. म्हणजे सेटवरच्या मुलांची भूक, झोप, रुसवे आणि डायलॉग, सगळं माझ्या गळ्यात. हे काम मला जमतं, कारण लहानपणी मी कॅमेऱ्याच्या त्या बाजूला होते. मालिकांमधली गोड भाची, बिस्किटाच्या जाहिरातीतली गुबगुबीत मुलगी, ती मीच. मग उंची वाढली, दात पुढे आले आणि फोन वाजायचे थांबले. पुढे चारचौघींसारखं कॉलेज, लग्न आणि गाझियाबादचा फ्लॅट. आमच्या सोसायटीतल्या एक आजी अजूनही लिफ्टमध्ये माझा गाल ओढतात. मी पंचेचाळिशीची आहे हे त्यांना मान्यच नाही.

असो. ईश्वरीचं काय करायचं हा प्रश्न होता. ती कॅन्टोन्मेंटमधली. वडील फौजेत, पोस्टिंग लांब सीमेवर. आई सांगलीकडची, पर्स मांडीवर घट्ट धरून कोपऱ्यात बसलेली. लेक टीव्हीवर दिसणार म्हणून वडिलांनी तिकडे अख्ख्या युनिटला सांगून ठेवलं होतं. आणि इकडे स्टँडबाय मुलीचे केस कुरळे करायला घेतले होते. स्टँडबाय म्हणजे पहिल्या मुलाचं जमलं नाही तर उभं करायला आणलेलं दुसरं मूल. लंचपर्यंत ईश्वरी रडली नाही, तर तिला घरी पाठवणार होते.

ग्लिसरीन मी मुलांच्या डोळ्यांजवळ आणू देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग असिस्टंट हळूच माझ्याजवळ आला. "मीनलजी, उसको बोल दो मम्मी चली गईं। दो मिनट की बात है।"

माझं डोकंच फिरलं. मी सहा वर्षांची असताना मला अगदी हेच सांगितलं होतं. आई सेटच्या मागे चहा पीत होती. मी जीव तोडून रडले, शॉट पहिल्या टेकमध्ये ओके झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कित्येक महिने मी आईला बाथरूमलाही एकटं जाऊ दिलं नाही. त्या शॉटचं लोक आजही कौतुक करतात आणि मला आजही तितकाच राग येतो.

नहीं बोलूँगी, म्हणून मी साफ सांगितलं. डायरेक्टर म्हणाला, ठीक है, मग तुम्हीच काहीतरी करा. लाइट बदलून होईपर्यंतचा वेळ त्याने मला दिला.

मी ईश्वरीला शोधायला गेले, तर बाईसाहेब पडद्याआड उभ्या. फ्रॉकने नाक पुसत, मुसमुसत. मला वाटलं, कुणीतरी ओरडलं असणार.

"अगं, आता का रडतेस?"

"आता चालतं ना मावशी. गाडी गेली."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या घरी बाबा निघताना कुणी रडत नाही. रडलं की तिकडे ड्यूटीवर बाबांना त्रास होतो. म्हणून आधी हसून टाटा करायचा. गाडी गेटमधून बाहेर पडून वळली की मग हवं तेवढं रडायचं. आईपण तसंच करते, ती म्हणाली.

मी तिच्या आईकडे बघितलं. आई पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

म्हणजे पोरगी प्रत्येक टेकला रडत होती. आम्हीच बाप दाराबाहेर गेला रे गेला की कट म्हणून मोकळे होत होतो.

मी ईश्वरीला विचारलं, गाडी गेल्यावरही कॅमेरा बघत राहिला तर चालेल का? तिने जरा विचार केला आणि मान डोलावली. मग डायरेक्टरकडे गेले. दार बंद झालं तरी कट म्हणू नका, गाडीचा आवाज लावा आणि फक्त थांबा. शिवाय माझी एक अट होती. कट झाल्याबरोबर बापाने त्याच दारातून आत यायचं.

टेक सुरू झाला. बाप निघाला, ईश्वरी हसली. दार लागलं. गाडीचा आवाज लांब जात जात थांबला. तिचा हात अजून वरच होता. मग तो खाली आला आणि ती आवाज न करता रडायला लागली. कुणी हललंसुद्धा नाही. शेवटी डायरेक्टरने कट म्हटलं, तेही कुजबुजत.

क्लायंट म्हणाला, "लेकिन बैग तो बाहर चला गया।" मग दारापाशी त्याच कंपनीची छोटी बॅग ठेवून पुन्हा शॉट घेतला. धंदा आहे, चालायचंच. ठरल्याप्रमाणे बाप लगेच आत आला, तेव्हा ईश्वरी मला म्हणाली, हे बाबा फारच लवकर येतात. मग तिने छोले-भटुरे मागवले आणि माझ्या ताटातलं लोणचंही संपवलं.

जाहिरात टीव्हीवर आल्यावर तिच्या आईचा फोन आला. "ताई, ह्यांनी बघितली. सगळं युनिट टीव्हीसमोर बसलं होतं म्हणे."

"मग, काय म्हणाले?"

"म्हणाले, मला वाटायचं तुम्ही दोघी हसत आत जाता."

तेव्हापासून मूल रडत नाही अशी तक्रार आली की मी डायरेक्टरला एकच सांगते. घाई करू नका, गाडी वळू दे.