वास येतो का, सिस्टर?

सिस्टर घरोघरी जायची. बरे न होणारे रोगी तिच्या वाट्याचे. आधी ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होती. तिथून माणसं आपल्या पायांनी घरी जायची, जाताना वळून हात हलवायची. "आता तुला टाळ्या कोण वाजवणार गं?" मैत्रिणींनी चिडवलं होतं. ती नुसती हसली होती. खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला आणि आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या तोंडाशी बोलली तर शेवटच्या घरातलं मांजर उठून बसावं.

त्याच शेवटच्या घरात सलूनवाले दादा होते. जन्मभर लोकांच्या हनुवट्या धरून गप्पा मारलेला माणूस. आता त्यांच्याच जबड्याखाली गाठ फुटून जखम झाली होती, आणि जखमेला वास होता. दार उघडलं की आधी तोच सामोरा यायचा. बायको उंबऱ्यात बसायची. धाकटा भाऊ खिडकीबाहेरूनच विचारपूस करून सटकायचा. दोघे भाऊ एकाच दुकानात, शेजारशेजारच्या खुर्च्यांमागे उभे राहून म्हातारे झालेले! दादांना दुखण्यापेक्षा ती खिडकी जास्त बोचायची.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "सिस्टर, वास येतो का हो?"

"छे, कुठला वास!" बायको नाकावरचा रुमाल न काढताच म्हणाली.

सिस्टरने मास्क खाली ओढला, वाकून श्वास घेतला. "येतो. चांगलाच येतो."

"अहो बाई, आजारी माणसाशी असं बोलतात का?" बायको कडाडली.

"बोलू दे गं," दादा म्हणाले. "नाक मलाही आहे. इतके दिवस वाटत होतं, घरात माझंच नाक खोटं."

मग त्यांनी मनातलं सांगितलं. भावाच्या हातून एकदा दाढी करून घ्यायची होती. "पण वास गेल्यावरच बोलवा. आता बोलावलं तरी येईल तो. श्वास कोंडून येईल. ते नको."

सिस्टर कामाला लागली. आधी दुखण्याचं औषध पाजायचं, ते भिनेपर्यंत गप्पा. मग उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कुटून त्यांची पूड वर भुरभुरायची. पट्टीला घरातलंच जुनं सुती कापड, उकळून उन्हात वाळवलेलं. "या आत," ती बायकोला म्हणायची, "मी नसेन तेव्हा तुम्हीच सिस्टर."

आणि दर खेपेला तोच प्रश्न. "येतो." "अजून येतो." "कमी झालाय, पण येतो." दादा तर डोळ्यांदेखत खंगत चालले होते. 'वास गेला एकदाचा' म्हणून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं. ती ते गिळायची.

एका सकाळी तिने मास्क काढला, वाकली, पुन्हा वाकली. "दादा, नाही येत."

"खरं?"

"मी कधी गोड बोललेय तुमच्याशी?"

दादांनी लगेच बायकोला फर्मावलं, "बोलाव त्याला! आणि म्हणावं, वस्तऱ्याला धार लावून आण."

भाऊ आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. उंबऱ्यात अडखळला, मग थेट पलंगावरच येऊन बसला.

"हनुवटी वर कर, दादा."

"मला शिकवतोस? फेस बघ किती पातळ!"

"गिऱ्हाईक बडबडलं की कापतं."

"काप, मग वहिनीशी गाठ आहे!"

पट्टीकडची बाजू तशीच ठेवून दाढी झाली. बायकोने आरसा धरला. "एकीकडून नवरदेव, दुसरीकडून साधू!" ती म्हणाली आणि किती तरी दिवसांनी खळखळून हसली. भावाचा हात मात्र दादांच्या गालावरून उठेना.

"सिस्टर," दादा डोळे मिटून म्हणाले, "आता कसला येतो?"

"साबणाचा, दादा."

त्यानंतर दादा फार दिवस राहिले नाहीत. पण गेले तेव्हा उंबऱ्यात कोणी नव्हतं. बायको उशाशी होती, भाऊ हात धरून बसला होता.

पुढे दादांच्या बायकोने सिस्टरला रस्त्यात गाठलं. "बाई, त्या दिवशी तुमच्यावर ओरडले हो मी."

"ओरडलात," सिस्टर तिचा हात हातात घेत म्हणाली, "पण कापड रोज उकळलंत. म्हणून तर मला खोटं न बोलता 'नाही येत' म्हणता आलं. तुमचेच उपकार आहेत माझ्यावर."