सूक्ष्मदर्शीला कुंकू

आमच्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मुलींवर काही अन्याय नव्हता. चित्रात मुलगा सूक्ष्मदर्शीला डोळा लावून बसला होता आणि मुलगी शेजारी उभी राहून हसत होती. तिला काय दिसलं म्हणून ती हसत होती, हे पुस्तकात कुठंच नव्हतं.

आमचे विज्ञानाचे सर पुस्तकाबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. अनसिंगजवळच्या आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शी एकच, तोही कुलपात. प्रयोगाच्या दिवशी पोरं ओळीनं डोळा लावायची आणि आम्ही पोरी मागं उभ्या. मला एकदा, फक्त एकदा, त्यात डोकवायचं होतं. तसं बोलले तर सर म्हणाले, "तुले कायले पाह्यजे? पुस्तकात चित्र हाये ना. नाजूक वस्तू हाये, फुटून जाईन." घरी उकळत्या दुधाचं पातेलं आम्हीच उतरवतो, पण ते काही नाजूक काम नव्हे.

मग विज्ञान दिन आला. मुलींना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून सरांनी आम्हाला रांगोळीचं काम दिलं. मी पुस्तकात बघून दारासमोर भलामोठा सूक्ष्मदर्शी काढला, एकेक भाग नावानिशी. उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे खूश. "पोरींले सायन्सची लय आवड दिसते," म्हणाले आणि रांगोळीला वळसा घालून मुलांचा प्रयोग पाहायला आत गेले.

आत टेबलावर खरा सूक्ष्मदर्शी, त्याखाली कांद्याचा पापुद्रा. पण पूजेशिवाय उद्घाटन कसं होणार? दसऱ्याला ट्रॅक्टरला कुंकू लावतात, तसं यालाही लावायचं ठरलं. ताट धरायला अर्थातच मुलगी लागते. सर म्हणाले वर लाव, मी वर लावलं, नेमकं डोळा लावायच्या काचेवर. पाहुण्यांनी नारळ फोडला, डोळा लावला, "वा, वा" म्हणाले. फोटो निघाला. लाल रंगाखेरीज त्यांना काय दिसलं असेल, देव जाणे. भुवईखाली लागलेलं कुंकू मात्र त्यांना शोभून दिसत होतं.

पाहुणे जेवायला गेले आणि सरांनी माझ्या हाती फडकं दिलं. पुसायचं काम असलं की वस्तू नाजूक राहत नाही.

मी काच पुसली आणि डोळा लावला. विटा रचल्यासारखं काहीतरी, आणि विटेविटेत एक ठिपका. चित्रात होतं तसंच, पण हे मी पाहत होते. मला एकदम रडू आलं, आणि रागही.

दारातून सर म्हणाले, "झालं काय वं पुसून?"

"डाग निघून नाही राह्यला, सर," मी म्हणाले आणि डोळा तसाच लावून ठेवला.