त्याच्या नावाचं ‘हाजिर’

घरात शिरताना मी खोकतो. सुनांना वाटतं सासऱ्यांना दमा आहे, आणि धाकटा नातू तर माझी हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवतो. हसू देत. दमा-बिमा काही नाही मला, छाती अजून ठणठणीत आहे. बाहेरून आलं की माणसानं उंबऱ्यावर हाक मारायची असते. ती मला मारता येत नाही, म्हणून खोकतो. का खोकतो, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगून टाकतो. ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली असती, ती माणसं आता राहिली नाहीत.

निजामाच्या अमलातल्या बीड जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी मी शिकत होतो. शाळेला वरचे वर्ग नुकतेच जोडले होते, त्यामुळे आम्ही स्वतःला फार शहाणे समजत होतो. हिशेब उर्दूत, भूगोल उर्दूत, तवारीख म्हणजे इतिहास, तोही उर्दूत. मार बसला की बोंबलायचं तेवढं मराठीत. दर गुरुवारी शेवटच्या तासाला तकरीर असायची, म्हणजे भाषण. शेतकऱ्यांची पोरं आम्ही. सुरुवातीचं ‘जनाब-ए-सदर’, म्हणजे ‘अध्यक्ष महाराज’, म्हणताना जीभ अशी अडखळायची की समोरचे मौलवी साहेब पुढचं ऐकायच्या आधीच डोळे मिटून घ्यायचे. मी तर एकदा नुसतं ‘जनाब’ म्हणालो, घामानं भिजलो आणि सरळ जागेवर येऊन बसलो. तेवढंच माझं भाषण.

माझा दोस्त उभा राहिला की मात्र वर्ग गप्प व्हायचा. आवाज काही फार मोठा नव्हता त्याचा, पण शेवटच्या रांगेतल्या पोरालाही वाटायचं, हा आपल्याशीच बोलतोय. मौलवी साहेब डोळे उघडे ठेवून ऐकायचे. मी त्याच्यावर जळायचो, खोटं कशाला बोलू. आणि जीवही तितकाच लावायचो. त्याचे वडील करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई होते, ते लवकर गेले. आई लोकांच्या गोधड्या शिवून घर चालवायची. तिला मी मावशी म्हणायचो.

आमच्या मराठीच्या गुरुजींना नाटकाचं वेड. त्यांनी शाळेच्या जलशासाठी, म्हणजे समारंभासाठी, स्वतःच एक लहानसं नाटक लिहिलं. मुलगा पलटणीत जातो, वर्षानुवर्षं त्याची खबर नाही, वाट पाहून पाहून आईची नजर जाते. शेवटी एक दिवस तो दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘आई, मी आलो गं.’ की पडदा. बस, एवढंच. मुलाचं काम अर्थातच माझ्या दोस्ताला. आईच्या कामाला खालच्या वर्गातलं एक गोरं पोरगं लुगडं नेसवून तयार केलं. मला काय? मला वही धरायला बसवलं. कुणी अडकलं तर पडद्याआडून शब्द पुरवायचा.

शाळेच्या अंगणातल्या लिंबाखाली तालीम चालायची. शेवटचं वाक्य म्हणताना दोस्त ‘आई’ म्हटल्यावर थांबायचा. एक श्वासभर. मग ‘मी आलो गं.’ गुरुजींनी दोनदा टोकलं, ‘अरे, मध्येच थांबतोस कशाला?’

‘गुरुजी, आई घरात हाय का न्हाई ते बघाया नगं का?’

मी फिसकन हसलो. तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तू कावून हसतो बे?’ गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, ‘बरोबर आहे त्याचं. वहीत तिथं रेघ ओढ.’ मी रेघ ओढली.

घरीही त्याची तालीम चालूच. शाळा सुटली की आम्ही बरोबर निघायचो, आणि आपल्या दारात उभा राहून तो अगदी तशीच हाक मारायचा. आतून मावशी ओरडायची, ‘आलास तर ये की मुडद्या, भाकर गार व्हायली!’ मग मलाही आत ओढायची. रोजचं होतं हे.

त्या काळी मराठीत चार माणसांपुढे काही करायचं म्हटलं की परवानगी आली. गुरुजींनी सबंध नाटक उर्दूत उतरवलं, सोबत काम करणाऱ्या पोरांची नावं, बापांची नावं, वयं अशी यादी जोडली आणि कागद बीडला पाठवला. तिथून तो आणखी वर गेला. सात महिन्यांनी शिक्के मारून परत आला. त्यावर लिहिलं होतं, हेच शब्द आणि हीच मुलं. एक शब्द वेगळा नको, एक मूल वेगळं नको. गुरुजींनी तो कागद देवाच्या फोटोमागं ठेवला.

त्याच दिवसांत प्लेग आला. उंदीर पडले, गाव उठलं आणि माळावर झोपड्या घालून राहायला गेलं. दोन महिन्यांनी आम्ही परतलो तेव्हा माझा दोस्त आमच्यात नव्हता. काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी संपलं. मला लांबूनसुद्धा बघू दिलं नाही.

जलसा आठ दिवसांवर आला तेव्हा गुरुजींनी मला घरी बोलावलं. जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, ‘तुला सगळं पाठ आहे.’

‘पण गुरुजी, यादीत माझं नाव न्हाई.’

‘यादी बदलायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा वर्ष. आणि एकदा बंद पडलं की या शाळेत मराठी नाटक पुन्हा उभं राहत नाही, हे मला माहीत आहे.’ त्यांनी फोटोमागून कागद काढला. ‘कागदावर तो अजून जिवंत आहे रे. तू फक्त त्याच्या जागी उभा राहा.’

उघडकीला आलं तर त्यांची नोकरी जाणार, हे मलाही कळत होतं. घरात चार मुली होत्या त्यांना. मी हो म्हणालो. आणि खरं सांगतो, आतून कुठंतरी मला आनंदही झाला. आता ते काम माझं होतं. या आनंदाची मला अजून शरम वाटते.

गावाला सगळं ठाऊक होतं, गावानं तोंड मिटून घेतलं. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. सरकारी साहेबांपुढच्या जलशाची सुरुवात कशी होते, ते आम्ही पाहिलेलंच नव्हतं.

जलसा दुपारी होता. अंगणात मांडव, पुढं साहेबांसाठी खुर्च्या, एका बाजूला बायकांसाठी चिकाचा पडदा. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे साहेब टांग्यातून उतरले. त्यांच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, यादी उघडली आणि एकेक नाव मोठ्यानं पुकारायला लागला. ज्याचं नाव त्यानं पुढं येऊन ‘हाजिर’ म्हणायचं. चौथं नाव त्याचं. बापाच्या नावासकट, खड्या आवाजात.

चिकाआड एक बांगडी वाजली आणि थांबली. तिथं मावशी बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं, लेकाचं नाटक म्हणून आपणहून आली होती.

‘हाजिर,’ मी म्हणालो.

नाटक कसं झालं ते विचारू नका, मला आठवत नाही. शेवट तेवढा आठवतो. मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो, ‘आई’ म्हणालो, आणि थांबलो. मी ठरवून थांबलो नव्हतो. जो आवाज निघाला तो माझा नव्हताच. इतके महिने वहीवर बोट ठेवून मी त्याला ऐकलं होतं, ते सगळं माझ्या गळ्यात जाऊन बसलं होतं. ‘मी आलो गं,’ तो म्हणाला. हो, तोच म्हणाला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. चिकाआडून कुणीतरी हुंदका गिळला.

साहेब खूश झाले. इतके की उठून उभे राहिले. इनाम म्हणून एक किताब, म्हणजे पुस्तक, मागवला, त्यावर यादीतलं दोस्ताचं नाव लिहवून घेतलं, आणि म्हणाले, असल्या मुलाच्या आईला पुढं बोलवा. आता आली का पंचाईत! गुरुजी पांढरेफटक पडले. हेडमास्तर खाली बघायला लागले. पेशकारानं दोनदा पुकारा केला. मग चिक बाजूला झाला आणि मावशी पदर पुढं ओढून आली. येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

साहेबांनी अदबीनं विचारलं, ‘ये आपका बेटा है?’

पेशकार म्हणाला, ‘साहेब इचारतात, ह्यो तुमचा ल्योक हाय का?’

ती माझ्याकडे बघत राहिली. केवढा वेळ, देव जाणे. तिनं ‘न्हाई’ म्हटलं असतं तर तिचं काय चुकलं असतं? तिच्या मेल्या लेकाचं नाव आम्ही भर मांडवात वापरलं होतं, तिला न विचारता. मला वाटलं, म्हणू दे. सुटू दे मला यातून.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘माजाच हाय.’ आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

मांडव रिकामा झाल्यावर ती रंगपटात आली. गुरुजी तिच्या पायावर डोकं ठेवायला वाकले, तर ती मागं सरकली. ‘असं करू नगा मास्तर.’ मग माझ्याकडे वळली. ‘बाळा, मी तुमच्यासाठी खोटं बोलले. आता तू माजं येक काम कर. उद्या शाळा सुटल्यावर आमच्या दारात ये आन् तसंच म्हन. येकदाच. मी पुन्यांदा मागनार न्हाई.’

‘येतो मावशी,’ मी म्हणालो.

आणि गेलतो. खरंच गेलतो. दार उघडं होतं. आत चूल पेटलेली, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. माझी पावलं वाजली आणि तो आवाज थांबला. ती दाराआड येऊन उभी राहिली असावी, कारण फटीतून लुगड्याचा काठ दिसत होता. मी तोंड उघडलं आणि मला जाणवलं की आवाज तयार आहे, त्याचाच. मी म्हणालो असतो तर तो आला असता. ती ‘ये’ म्हणाली असती आणि मला आत जावं लागलं असतं. मग मी कुठं राहिलो असतो? भ्यालो मी. चौदा-पंधरा वर्षांचं पोर, भ्यालो. मागं वळलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळत सुटलो.

दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हाही दार उघडं. तिसऱ्या दिवशीही. रोज त्याच वेळेला. मी लांबूनच बघून परत यायचो. ती कधी रागावली नाही, की कुणाकरवी निरोप पाठवला नाही. एवढं खोटं बोलून तिनं गुरुजींची नोकरी वाचवली, शाळेचं नाटक वाचवलं, आणि माझ्याकडून मागितले काय, तर चार शब्द. तेही मी दिले नाहीत. उन्हाळा लागला तशी ती लिंबागणेशला भावाकडे राहायला गेली. शेजारणीनं मला तो इनामाचा किताब आणून दिला. ‘जाताना म्हनल्या, त्या पोराला द्या, त्यानं कमावलाय.’ पहिल्या पानावर दोस्ताचं नाव आहे. किताब अजून आहे माझ्याकडे. पुढच्याच वर्षी ती गेल्याचं कळलं.

आता माझ्या खोकल्याचं. जलशाच्या त्या दुपारपर्यंत मीही घरी आलो की दारातूनच ओरडायचो, ‘आई, वाढ गं!’ नंतर जमेना. ‘आई’ म्हटलं की ती श्वासभराची जागा येई, आणि त्या जागेत तो उभा असे. मग मी खोकायला लागलो. आईनं आधी काढा दिला. मग एकदा म्हणाली, ‘मुका झालास का रे दारात?’ मी हसून वेळ मारून नेली. पुढं औरंगाबादेला नोकरी लागली, सुट्टीत घरी यायचो, तेही खोकतच. समोर बसून तिच्याशी वाट्टेल तेवढं बोलायचो. दारातून हाक तेवढी नाही.

शेवटच्या दुखण्यात तिची नजर गेली. सांगावा आला तसा मी निघालो आणि दुपारचा घरी पोचलो. उंबऱ्यावर थांबलो. ती खाटेवर पडून होती, तोंड दाराकडे. मी खोकलो.

‘कोन हाय?’

‘मी.’

‘मी कोन? आरं, आईला हाक मारावी मानसानं. येकदा तरी मार.’

‘आई,’ मी म्हणालो. आणि थांबलो. तो थांबा आला, जसाच्या तसा. ती मान उचलून ऐकत होती. मावशी दाराआड थांबली होती, तशीच ही थांबली. मी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पुढचे शब्द काही निघेनात.

‘ऱ्हाऊ दे,’ आई म्हणाली. ‘खोकलास तवाच वळखलं मी. माझा ल्योक खोकतच येतो. ये, आत ये.’