भीमाशंकरची शेकरं आणि आमचा पितळी पिंजरा

भीमाशंकराला जायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. देव सगळीकडे असतो असं कीर्तनात ऐकलंय, मग आमच्या बुधवार पेठेतही असेलच. पण सकाळी मेव्हणा भिकाजी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. डोळे लालबुंद.

"दाजी, शेकरू गेलं."

"कुठं गेलं?"

"मेलं."

भिकाजी पर्वतीच्या पायथ्याला श्रीमंतांच्या शिकारखान्यात कामाला आहे. सरकारनं तिथं मुलखातली जनावरं जतन केलीत. वाघ, चित्ते, हरणं, आणि डोंगरातली ती लांब शेपटीची तांबूस मोठी खार, शेकरू म्हणतात ती. जतन म्हणजे काय, तर जनावराला पिंजरा, पिंजऱ्याला पहारेकरी, पहारेकऱ्यावर कारकून, कारकुनावर दरोगा. एवढ्या सगळ्यांना पोसायला जनावर जिवंत असावं लागतं, एवढीच काय ती अडचण. शेकराला मखमलीची गादी होती. बघायला येणारी मंडळी लाडू, पुरणपोळी, गुळाचे खडे टाकायची. आम्ही पुणेकर फार प्रेमळ. त्या प्रेमानंच ते गेलं.

आता श्रीमंतांच्या सासुरवाडीचे पाहुणे शेकरू बघायला येणार होते. दरोगा भिकाजीला म्हणाला, "भीमाशंकरच्या रानातून जोडी आण. नाहीतर तूही येऊ नकोस."

भिकाजीची नोकरी गेली असती तर तो बायको, मुलं आणि आई घेऊन माझ्याच माजघरात आला असता. त्याची आई म्हणजे माझी सासू. मी पागोटं घातलं आणि निघालो.

पिंजरा आमच्याच भांड्यांच्या दुकानातला, अस्सल पितळेचा. दरोग्याच्या हट्टापायी वर घुमट आणि घुमटाला घुंगरं. रानातलं चपळ जनावर धरायला जाताना वाजतगाजत जावं, ही अक्कल फक्त कचेरीत मिळते.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी वाट सांगून ठेवतो. नदी उतरून उत्तरेला लागायचं. इंद्रायणीला नाव मिळते, नावाडी मात्र जेवत असतो. कधीही जा, जेवतच असतो. चाकणला तट्टू भाड्यानं घेऊ नका. आम्ही घेतलं, आणि चढ आला की आम्हीच त्याला ओढत होतो. खेडच्या धर्मशाळेत जागा ऐसपैस आहे, ढेकणांचं त्यावर काही म्हणणं नसेल तर.

जकातीच्या चौकीवर शिपायानं अडवलं. "पिंजऱ्यात काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"दिसत नाही काही."

"म्हणूनच म्हणालो."

"मग जकात कशावर लावू?"

"लावू नका."

"तसं कसं, नेताय ना काहीतरी!" शेवटी त्यानं पितळेवर लावली. शिपाई हुशार, पुढे चढणार बघा.

खेडच्या पुढं माणसं कमी आणि झाडं जास्त. डोंगराखालच्या गावात पाटलीणबाईंच्या ओसरीवर उतरलो. नवरा गेल्यापासून गाव त्याच बघतात. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, मिरचीचा ठेचा. पैशाचं विचारलं तर म्हणाल्या, "पुन्यात जेवनाचं बी पैसं घेत्यात?" मी विषय बदलला.

भिकाजीनं आलो कशाला ते सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "रान आमचं न्हाई, देवीचं हाय. तिला इचारा. उद्या कौल लावू."

दुसऱ्या दिवशी देवराईत गेलो. वहाणा बाहेर काढायच्या. आत कुऱ्हाड न्यायची नाही, दगड मारायचा नाही. भिकाजीनं टेकायला म्हणून पडलेली वाळकी काटकी उचलली, तर बाई मागून म्हणाल्या, "ठेवा खाली. तिची हाय ती."

"वाळलेली आहे हो!"

"म्हातारी झाली म्हून काय घरातनं न्यायची?"

माझं वय बघता मला हे पटलं.

आत गेलं की उजेड हिरवा होतो. झाडांचे बुंधे आमच्या दुकानाएवढे. इथं पहारेकरी नाही, कारकून नाही, दरोगा तर नाहीच. मी म्हणालो, राखतं कोण हे सगळं? तेवढ्यात वर फांदी हलली. तांबडं शेपूट दिसलं, आणि त्या जनावरानं जी उडी मारली, या झाडावरून थेट पलीकडच्या झाडावर! मधे नुसतं आभाळ. मला उगाच कौतुक करायची सवय नाही. पण तोंड उघडं राहिलं होतं, हे आपलं तुम्हाला म्हणून सांगतो.

भिकाजी मटकन खाली बसला. घुंगरं वाजली.

"दाजी, आमच्या शेकरानं कधी उडीच मारली नाही. एका कोपऱ्यात बसून असायचं. मला वाटायचं, ही जातच बसकी."

मी पिंजरा त्याच्याकडून घेतला आणि घुंगरं मुठीत धरली. 

देवी म्हणजे शेंदराचा गोल दगड. दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. धोंडू गुरवानं दगड पुसला, दिव्यात तेल घातलं, पाकळ्या लावल्या. भिकाजीनं हात जोडले. "आई, शेकराची जोडी पुण्याला नेऊ दे. माझ्या पोटाचा प्रश्न आहे." डोळे मिटून उभा राहिला. पोटाचा प्रश्न होता हे खरं, पण त्याचा चेहरा बघून मला कळेना की हा मागतोय काय.

डावी पाकळी टपकन पडली.

पुन्हा लावला. पुन्हा डावी.

आता मी आयुष्यभर भांडी घासूनपुसून विकलीत. कुठल्या अंगाला तेलाचा हात लागलाय ते मला लांबून कळतं. गुरवाच्या अंगठ्यावर दिव्याचं तेल होतं, आणि दगडाचं डावं अंग लखलखत होतं. उजवं कोरडं ठणठणीत.

पाटलीणबाईंनी मला बघताना बघितलं.

"काय बघताय, पावणं?"

"काही नाही. तेल चांगलं आहे."

"घाण्याचं हाय," त्या म्हणाल्या.

परत येताना मी हळूच विचारलं, "बाई, तुमच्या देवीनं कधी हो म्हटलंय का?"

"म्हटलं की. गावात ताप आलता, औषधाला साल पायजे हुती. उजवा दिला. कुणाच्या वाड्याला खांब पायजे हुतं, डावा दिला. आज तुमचा पिंजरा, उद्या त्याच वाटंनं कुऱ्हाड येती." मग म्हणाल्या, "देवीला समदं कळतंय."

"देवीला कळतं, आणि गुरवाला ऐकू येतं," मी म्हणालो. बाई पदरात हसल्या.

पुण्याला परतलो. वाटभर भिकाजीचा चेहरा उतरलेला, पण पावलं हलकी. शिकारखान्यात दरोगा आमची वाटच बघत होता. रिकामा पिंजरा बघून आवाज पर्वतीवर पोचेल असा ओरडला.

मी त्याला ओरडू दिलं. लोक जमल्यावर म्हणालो, "अहो, कौल डावा आला. दोनदा. आपली आज्ञा देवीपेक्षा मोठी असेल तर तसं सांगा, मी पुन्हा जाऊन तिला कळवतो."

दरोग्यानं आजूबाजूला बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं आधी वहाणा काढल्या, मग हात जोडले.

पुढचं मला ऐकून माहीत. गोष्ट वर गेली. वरची माणसं तर दरोग्याहून भित्री निघाली. देवीला नारळ आणि लुगडं रवाना झालं, आणि सरकारी माणसानं त्या रानाच्या काटकीलाही हात लावू नये असा हुकूम सुटला. पहारेकरी, कारकून, दरोगा मिळून जे राखता आलं नाही, ते गुरवाच्या एका अंगठ्यानं राखलं.

पाहुणे आले तेव्हा दाखवायला काहीतरी हवंच, म्हणून आमचा पिंजरा मांडला. कुणीतरी त्याला हार घातला. परवा मी स्वतः जाऊन आलो. ही रांग!

"अहो, काहीच दिसत नाही," एक जण म्हणाला.

"हळू बोला," मागचा म्हणाला. "देवीचं आहे. सगळ्यांना थोडंच दिसतं?"

"हां हां, शेपूट दिसलं बघा." आणि त्यानं गुळाचा खडा टाकला.

भिकाजीची नोकरी शाबूत आहे. रिकामी गादी रोज झाडतो. माझी सासूही तिच्या जागी सुखात आहे आणि मी माझ्या. सहलीतून याहून जास्त मिळवायची माझी अपेक्षा नव्हती. तरी दुकानात बसल्या बसल्या कधीतरी ती उडी आठवते, आणि गिऱ्हाईक दोनदा हाक मारतं.

परवा रांग सरल्यावर भिकाजी जवळ आला. "दाजी, एक विचारू? मी डोळे मिटले होते. तो कौल... खरा होता ना?"

"खरा होता."

"तुम्ही बघितलात?"

"अगदी जवळून."